काळी स्क्रीन आणि अगम्य अक्षरं: टर्मिनल जोडणीतला दोष पायरीपायरीने कसा शोधावा

राउटरच्या कन्सोल पोर्टला केबल लावली, पुटी हा टर्मिनल प्रोग्रॅम उघडलं, 'ओपन' दाबलं आणि समोर आली नुसती काळी खिडकी. कर्सर लुकलुकतोय, पण एंटर कितीही दाबलं तरी उत्तर नाही. नवखा माणूस अशा वेळी घाईने सगळंच बदलायला घेतो: बॉड रेट (डेटाचा वेग), केबल, ड्रायव्हर, यूएसबीचा सॉकेट. त्यात एखादी बरोबर असलेली गोष्टही बिघडते, आणि नशिबाने चालू झालंच तर कशामुळे झालं ते कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलण्याआधी स्क्रीनवर नेमकं काय दिसतंय ते नीट पाहा. अजिबात काही न दिसणं, चुकीची अक्षरं दिसणं, दिसतंय पण लिहिता न येणं आणि प्रत्येक अक्षर दोनदा येणं, हे चार वेगळे आजार आहेत. त्यांची कारणं बहुतेक वेळा वेगवेगळ्या ठिकाणी असतात.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या

टर्मिनलमध्ये तुम्ही 'ए' दाबता आणि स्क्रीनवर 'ए' उमटतो. हा 'ए' कीबोर्डवरून थेट स्क्रीनवर आलेला नसतो. तो प्रोग्रॅममधून ड्रायव्हरकडे, तिथून कन्व्हर्टरमध्ये, केबलमधून समोरच्या उपकरणात जातो, आणि ते उपकरण तोच 'ए' परत पाठवतं. याला एको म्हणतात. म्हणजे 'लोकल एको' (प्रोग्रॅम स्वतःच अक्षर स्क्रीनवर छापतो तो) बंद असताना तुम्ही टाइप केलेलं एक अक्षर जरी नीट दिसलं, तरी जाण्याचा आणि येण्याचा असे दोन्ही रस्ते चालू आहेत. मग केबल आणि वेग यांच्या मागे लागायचं कारण नाही.

याच नियमातून आणखी दोन लक्षणं सुटतात. पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही, कारण उपकरण तेव्हा मुद्दाम एको थांबवतं. तो दोष नाही. आणि प्रत्येक अक्षर दोनदा दिसत असेल, तर समोरून एको येतोय आणि तुमच्या प्रोग्रॅममध्ये 'लोकल एको'सुद्धा चालू आहे. तो बंद करा, काम झालं.

पायरी पहिली: संगणकाला पोर्ट दिसतोय का

आजच्या बहुतेक संगणकांना सिरीयल पोर्ट नसतो, त्यामुळे मध्ये यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर येतो. त्यात सहसा एफटीडीआय, सीपी२१०एक्स, सीएच३४० किंवा पीएल२३०३ यांपैकी एखादी चिप असते. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'पोर्ट्स' ही ओळ पसरवा आणि कन्व्हर्टर काढून पुन्हा लावा. जी नोंद नाहीशी होऊन परत येते, तो तुमचा कॉम पोर्ट. त्याचा क्रमांक तिथे वाचायचा, अंदाजाने टाकायचा नाही, कारण कन्व्हर्टर दुसऱ्या सॉकेटला लावला की हा क्रमांक बदलू शकतो. काल कॉम३ होता म्हणून आजही कॉम३ असेलच असं नाही.

नोंदीवर पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हर नाही, किंवा तो या चिपला स्वीकारत नाही. नकली किंवा फार जुन्या चिपच्या बाबतीत हे होतं, आणि तिथे कन्व्हर्टर बदलणं हाच कमी त्रासाचा मार्ग. आणि लावल्यावर कुठलीच नोंद येत नसेल, तर ड्रायव्हर शोधण्याआधी यूएसबी केबल बदलून पाहा. काही केबल्समध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. विकासाचे छोटे बोर्ड वापरणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळ याच केबल खातात.

लिनक्सवर कन्व्हर्टर लावल्यानंतर लगेच 'डीमेसेज' (dmesg) कमांड चालवा. शेवटच्या ओळींत टीटीवाय-यूएसबी० किंवा टीटीवाय-एसीएम० असं नाव दिसलं पाहिजे. नाव आहे पण उघडताना 'परमिशन डिनाइड' येतं? मग तुमचा युजर पोर्टच्या गटात नाही. डेबियन आणि उबुंटूवर या गटाचं नाव 'डायलआउट' आहे. युजरला गटात घातल्यावर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावं लागतं. हे विसरून लोक गट पुन्हा पुन्हा तपासत बसतात. रूट होऊन काम भागवू नका, ती सवय पुढे महागात पडते. उबुंटू २२.०४ वर सीएच३४०चा पोर्ट क्षणभर येऊन गायब होत असेल, तर 'बीआरएलटीटीवाय' ही ब्रेल-पट्टीची सेवा तो पकडून बसलेली असते. ब्रेल-पट्टी वापरत नसाल तर ती काढून टाका.

मॅकवर एकाच कन्व्हर्टरची दोन नावं दिसतात, एक 'टीटीवाय'ने सुरू होणारं आणि एक 'सीयू'ने. 'सीयू'वालं घ्या. दुसरं उघडताना समोरून कॅरिअरचा सिग्नल येण्याची वाट पाहत बसतं.

पोर्ट आहे, पण 'उघडता येत नाही' किंवा 'ॲक्सेस डिनाइड' असा संदेश आला, तर तो दुसऱ्या कुठल्यातरी प्रोग्रॅमने धरलेला आहे. सिरीयल पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमचा. मागे राहिलेली पुटीची खिडकी, आर्डुइनोचा सिरीयल मॉनिटर, 'स्क्रीन' या प्रोग्रॅमचं नीट बंद न झालेलं सेशन, हे नेहमीचे संशयित.

पायरी दुसरी: दोन आणि तीन जोडा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. कन्व्हर्टरच्या नऊ पिनांच्या कनेक्टरमध्ये पिन २ वर डेटा येतो, पिन ३ वरून जातो, पिन ५ ग्राउंड. समोरचं उपकरण सोडवा, आणि कन्व्हर्टरच्या २ व ३ या पिना छोट्या तारेने किंवा जंपरने एकमेकींना जोडा. प्रोग्रॅममध्ये फ्लो कंट्रोल (पाठवणाऱ्याला थांबवण्याची सोय) 'नन' ठेवा, लोकल एको बंद ठेवा आणि टाइप करा. तुम्ही पाठवलेलं तुम्हालाच परत मिळालं पाहिजे. मग जंपर काढून पुन्हा टाइप करा. आता काहीही दिसता कामा नये. ही दुसरी अर्धी चाचणी टाळू नका, नाहीतर लोकल एको चालू राहिला असेल तर फसाल.

चाचणी पास झाली की प्रोग्रॅम, ड्रायव्हर आणि कन्व्हर्टर तिन्ही निर्दोष. मग दोष केबलमध्ये, सेटिंगमध्ये किंवा उपकरणात. नापास झाली तर उपकरणाला हात लावायची गरजच नाही. नंतर जंपर केबलच्या दुसऱ्या टोकाला लावून हीच चाचणी करा, म्हणजे केबलही तपासून होते. मात्र या चाचणीतून बॉड रेट बरोबर आहे की नाही ते कळत नाही, कारण पाठवणारा आणि घेणारा पोर्ट एकच असतो. कुठल्याही वेगाला ती पास होईल.

पायरी तिसरी: केबल सरळ की उलट

एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानावर गेलं पाहिजे, म्हणजे एकाची टीएक्स (पाठवण्याची तार) दुसऱ्याच्या आरएक्सला (घेण्याच्या तारेला). संगणक आणि मॉडेम यांच्यासाठी सरळ केबल लागते, कारण मॉडेमच्या पिना मुळातच उलट भूमिकेत असतात. संगणकासारखी मांडणी असलेली दोन उपकरणं जोडायची तर २ आणि ३ अदलाबदल केलेली 'नल मॉडेम' केबल लागते. केबल बाहेरून पाहून यातली कुठली ते कळत नाही.

मल्टिमीटर असेल तर हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. आरएस-२३२ मध्ये काहीच पाठवलं जात नसताना टीएक्स तारेवर ग्राउंडच्या तुलनेत ऋण व्होल्टेज असतं, सहसा उणे ५ ते उणे १२ च्या आसपास. केबल फक्त उपकरणाला लावा, उपकरण चालू करा आणि मोकळ्या टोकावर मीटरचं काळं टोक पिन ५ वर ठेवून लाल टोक आधी २ वर, मग ३ वर लावा. ज्या पिनवर स्थिर ऋण व्होल्टेज दिसेल तिथे उपकरण बोलतंय. दुसरी पिन शून्याजवळ असेल. पिन २ वर दिसलं तर केबल बरोबर आहे, कारण तुमचा संगणक २ वरच ऐकतो. ३ वर दिसलं तर दोघंही एकाच तारेवर बोलताहेत. मध्ये नल मॉडेम अडॅप्टर घाला. दोन्हीकडे शून्य आलं तर उपकरणाचा पोर्ट बंद आहे, तार तुटली आहे किंवा ग्राउंड पोचलेला नाही.

इथे एक इशारा मनापासून देतो. छोट्या बोर्डांवर, आणि राउटरच्या आत सापडणाऱ्या चार पिनांवर, आरएस-२३२ नसतं. तिथे ३.३ किंवा ५ व्होल्टचा टीटीएल सिग्नल असतो आणि शांत असताना तो धन असतो. त्या पिनांना आरएस-२३२ची केबल थेट लावली तर चिप जळू शकते. तिथे टीटीएल कन्व्हर्टरच वापरा, त्याचं व्होल्टेज बोर्डाशी जुळतंय ना ते आधी पाहा. ग्राउंड ग्राउंडला, टीएक्स आरएक्सला, आरएक्स टीएक्सला, अशा तीनच तारा जोडा. बोर्डाला स्वतःचा वीजपुरवठा असेल तर चौथी, विजेची तार मोकळी सोडा.

नेटवर्क उपकरणांचा कन्सोल पोर्ट बऱ्याचदा लॅनच्या सॉकेटसारखा दिसतो, पण तो इथरनेट नाही. नेहमीची लॅन केबल त्यात घालून संगणकाच्या लॅन पोर्टला जोडली तर काहीही होणार नाही. त्याला रोलओव्हर केबल लागते. सिस्कोच्या उपकरणांसोबत येणारी फिकट निळी चपटी केबल तीच.

पायरी चौथी: अक्षरं येताहेत, पण वाचता येत नाहीत

ही चांगली बातमी समजा. तार जोडलेली आहे, बहुधा फक्त सेटिंग चुकलं आहे. आधी उपकरणाच्या पुस्तिकेत वेग शोधा. पुस्तिका हाताशी नसेल तर ९६०० आणि ११५२०० हे दोन आधी, मग ३८४००, १९२०० आणि ५७६००. राउटर-स्विचमध्ये ९६०० जास्त आढळतो, लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या बोर्डांत ११५२००. बाकीचं ८ डेटा बिट, पॅरिटी (चूक ओळखायला जोडलेला जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट असं ठेवा. या मांडणीत एका अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून १० बिट लागतात, म्हणजे ९६०० वर सेकंदाला जास्तीत जास्त ९६० अक्षरं.

उपकरण रीस्टार्ट करण्याची मुभा असेल तर करा आणि स्क्रीनकडे पाहा. सुरू होताना बहुतेक उपकरणं स्वतःहून बोलतात, त्यामुळे तुमची पाठवण्याची तार बिघडली असली तरी येणारी बाजू तपासता येते. सुरुवातीच्या ओळी अगम्य आणि पुढच्या स्वच्छ असतील तर घाबरू नका. काही उपकरणांचा बूटलोडर (सुरू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) वेगळ्या वेगाने बोलतो. ईएसपी८२६६ चिपचे सुरुवातीचे संदेश सहसा ७४८८० या विचित्र वेगाने येतात.

काही अक्षरं बरोबर आणि काही चुकीची, तीही नेहमी तीच तीच? मग वेग बरोबर आहे, पॅरिटी चुकली आहे. समजा उपकरण ७ बिट आणि सम पॅरिटीने पाठवतंय आणि तुम्ही ८ बिटांनी वाचताय. कॅपिटल 'ए'चा कोड बायनरी अंकांत १०००००१, त्यात एक हा अंक दोनदा, म्हणजे समच. पॅरिटीचा बिट शून्य राहतो आणि 'ए' नीट दिसतो. कॅपिटल 'सी' म्हणजे १००००११, त्यात एक तीनदा. सम करायला पॅरिटीचा बिट एक होतो, तुमचा प्रोग्रॅम त्याला आठवा डेटा बिट समजतो, आणि 'सी'च्या जागी भलतंच चिन्ह उमटतं. साधारण निम्मी अक्षरं अशी बदललेली दिसली की वेगाला हात लावू नका, ७ बिट आणि सम पॅरिटी करून पाहा.

चुका दर वेळी वेगळ्या येत असतील तर कारण विजेचं असतं: सैल ग्राउंड, अति लांब केबल किंवा शेजारून जाणारी मोटरची वायर. आरएस-२३२साठी १५ मीटर ही रूढ मर्यादा आहे. वेग कमी केला तर त्याहून लांबही चालतं.

पायरी पाचवी: दिसतंय सगळं, लिहिता येत नाही

बूटचे संदेश धडाधड येतात, पण लॉगिनच्या जागी कीबोर्ड मेलेला. इथे पहिला संशय हार्डवेअर फ्लो कंट्रोलवर घ्या. तो चालू असला की तुमचा प्रोग्रॅम समोरून सीटीएस तारेवर परवानगी यायची वाट पाहतो. तीन तारांच्या केबलमध्ये ती तारच नसते, त्यामुळे तुमची अक्षरं संगणकातच अडकून राहतात. घ्यायला परवानगी लागत नाही, म्हणून येणारं मात्र सगळं दिसतं. मिनिकॉम या लिनक्सवरच्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये हे सेटिंग सुरुवातीला चालूच असतं; मेनूत जाऊन बंद करा आणि ते जतन करा.

पुटीमध्ये सुरुवातीला एक्सऑन-एक्सऑफ (वेगळ्या तारेऐवजी ठरावीक कोडांनी 'थांब' आणि 'चालू' सांगणारा फ्लो कंट्रोल) निवडलेलं असतं. ते सहसा चालून जातं, पण त्यात एक खाच आहे. चुकीच्या बॉड रेटमुळे आलेल्या कचऱ्यात १९ क्रमांकाचा कोड योगायोगाने आला, तर पुटी त्याला 'थांब' असा निरोप समजतं आणि पाठवणं बंद करतं. वेग दुरुस्त केल्यावरही कीबोर्ड मेलेलाच. म्हणून दोष शोधताना फ्लो कंट्रोल 'नन'. उलट बाजूने, चालू असलेलं सेशन अचानक गोठलं तर सगळ्यात आधी कंट्रोल आणि क्यू दाबा. सेव्ह करायच्या सवयीने कंट्रोल-एस दाबलं गेलेलं असतं, आणि टर्मिनलमध्ये त्याचा अर्थ 'थांब' असा आहे.

फ्लो कंट्रोल नसूनही लिहिता येत नसेल तर फक्त पाठवण्याची तार तुटलेली असू शकते, किंवा उपकरणावर त्या पोर्टसाठी लॉगिनचा प्रोग्रॅमच चालू नसेल. बूटलोडरच्या वेळी की दाबून तो थांबतो का ते पाहा. थांबला तर तार शाबूत आहे.

मोठं कॉन्फिगरेशन पेस्ट करताना मधलीच अक्षरं गळतात, हे याच कुळातलं. उपकरणाला तेवढ्या वेगाने पचत नाही. टेरा टर्म या विंडोजवरच्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये सिरीयल पोर्टच्या सेटिंगमध्ये प्रत्येक अक्षरामागे आणि ओळीमागे किती मिलिसेकंद थांबायचं ते देता येतं. ओळीमागचा विराम थोडा वाढवा, आणि पेस्ट झाल्यावर कॉन्फिगरेशन परत वाचून पडताळा.

पायरी सहावी: जोडणी नेटवर्कवरून असेल तर

इथे संदेशाचे शब्द नीट वाचा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे सहसा तुमचं पॅकेट यंत्रापर्यंत पोचलं आणि 'या पोर्टवर कोणी नाही' असं उत्तर आलं. पत्ता आणि रस्ता बहुधा ठीक. सेवा बंद आहे किंवा पोर्ट (इथे सॉकेट नव्हे, सेवेचा क्रमांक) चुकला आहे. एसएसएच आणि टेलनेट या दोन्हींनी दूरच्या यंत्रात लॉगिन करता येतं; एसएसएचचा नेहमीचा पोर्ट २२, टेलनेटचा २३. 'टाइम्ड आउट' म्हणजे काहीच उत्तर नाही: पत्ता चुकला, यंत्र बंद किंवा फायरवॉल पॅकेट गिळतोय. 'होस्ट नॉट फाउंड' आलं तर नावावरून पत्ता मिळालेला नाही; थेट आयपी पत्ता टाकून पाहा.

पिंग करून पाहावं, पण त्यावर निकाल देऊ नये. अनेक ठिकाणी पिंग अडवलेलं असतं आणि एसएसएच मजेत चालू असतं. विंडोजवर पॉवरशेलची 'टेस्ट-नेटकनेक्शन' आणि लिनक्स-मॅकवर 'एनसी' या कमांड थेट पोर्ट तपासतात, तेच उत्तर खरं.

जुन्या उपकरणाशी एसएसएच करताना 'नो मॅचिंग की एक्सचेंज मेथड' असं आलं तर जाळं ठीक आहे. दोन्ही बाजूंना एकच कूटपद्धत सापडत नाही एवढंच. ओपनएसएसएचने २०१५ मधल्या ७.० आवृत्तीत एक जुनी पद्धत आणि २०२१ मधल्या ८.८ मध्ये एसएचए-१वर आधारलेल्या आरएसए सह्या आपोआप वापरणं बंद केलं. उपकरणाचं फर्मवेअर अद्ययावत करणं हा खरा उपाय. ते शक्यच नसेल तर जुनी पद्धत फक्त त्या एका पत्त्यासाठी चालू करा, सगळ्यांसाठी नको.

होस्ट की (समोरच्या यंत्राची ओळख पटवणारी की) बदलल्याचा इशारा आला तर जुनी नोंद उडवून पुढे जाऊ नका. उपकरण नव्याने बसवलं असेल किंवा तोच आयपी दुसऱ्याला दिला असेल तर हे होणारच, पण मध्ये कोणी बसून ऐकत असेल तरीही हाच इशारा येतो. ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याला विचारून कीचा ठसा जुळवून घ्या.

थोडा वेळ काम थांबवलं की सेशन तुटतं? मधला राउटर किंवा फायरवॉल शांत जोडण्या विसरून जातो. पुटीच्या 'कनेक्शन' पानावर कीपअलाइव्हचे सेकंद ० ऐवजी ६० करा.

सिरीयल उपकरण कन्सोल सर्व्हरमार्फत नेटवर्कवर आणलं असेल, आणि जोडल्याबरोबर डोक्यावर दोन ठिपके असलेल्या वायसारखी विचित्र चिन्हं दिसत असतील, तर ती टेलनेटची वाटाघाट आहे. टेलनेटचा प्रत्येक आदेश २५५ या बाइटने सुरू होतो, आणि तुमचा प्रोग्रॅम 'रॉ' प्रकारात असल्याने तो ते अक्षर म्हणून छापतो. जोडणीचा प्रकार टेलनेट करा. मात्र टेलनेटमध्ये पासवर्डसुद्धा उघडा जातो, म्हणून ते स्वतःच्या बंदिस्त जाळ्यापुरतंच ठेवा.

पायरी सातवी: जोडणी ठीक, दिसणं बिघडलेलं

ओळी जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उजवीकडे सरकत जात असतील तर समोरून फक्त 'पुढची ओळ' येतेय, 'ओळीच्या सुरुवातीला जा' येत नाही. पुटीच्या 'टर्मिनल' पानावर प्रत्येक एलएफसोबत (पुढची ओळ) सीआर (ओळीच्या सुरुवातीला जा) गृहीत धरण्याचा पर्याय आहे. बॅकस्पेसने अक्षर पुसण्याऐवजी चिन्हं उमटत असतील तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये १२७ आणि कंट्रोल-एच यांतला दुसरा पर्याय निवडा.

चौकटींच्या रेषांऐवजी क्यू आणि एक्सच्या माळा दिसल्या तर ती व्हीटी१००ची रेषांची अक्षरं आहेत. १९७८ मध्ये आलेल्या त्या टर्मिनलच्या खुणा आजचे प्रोग्रॅमही पाळतात. कॅरॅक्टर सेट युटीएफ-८ आहे का आणि टर्मिनलचा प्रकार एक्सटर्म किंवा व्हीटी१०० ठेवला आहे का ते पाहा. आणि बायनरी फाइल चुकून छापल्यावर सगळी अक्षरंच बदलली, तर न दिसणाऱ्या अक्षरांत 'रीसेट' टाइप करून एंटर दाबा.

सिरीयलवर एडिटर २४ ओळींतच कोंबला जातो, कारण सिरीयल तारेतून खिडकीचा आकार कळवण्याची सोय नाही. एसएसएच तो कळवतं. 'एसटीटीवाय' कमांडने ओळी आणि स्तंभ स्वतः सांगा, किंवा उपकरणावर 'रिसाइझ' असेल तर ती चालवा.

मदत मागायची वेळ आली तर

पुटी आणि टेरा टर्म दोन्हींत सेशनचा लॉग घेता येतो. दोष पुन्हा घडवण्याआधी तो चालू करा, एसएसएचसाठी 'व्ही' हा पर्याय देऊन पूर्ण तपशील घ्या, आणि दुसऱ्याकडे पाठवण्याआधी त्यातले पासवर्ड आणि पत्ते खोडा. सोबत कन्व्हर्टरची चिप, ऑपरेटिंग सिस्टिम, वेग-पॅरिटी-फ्लो कंट्रोल आणि दोन-तीनच्या चाचणीचा निकाल लिहा. एरर आपल्या शब्दांत सांगू नका, जशीच्या तशी उतरवा. 'रिफ्यूज्ड'च्या जागी 'कनेक्ट होत नाही' असं लिहिलं की समोरच्याला पुन्हा पहिल्या पायरीपासून विचारावं लागतं.